आधी दांडी, मग मशीन

नव्या फ्लॅटच्या नकाशात स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी पट्टी असते. तिला ड्राय बाल्कनी म्हणतात. पट्टीच्या एका कोपऱ्यात वॉशिंग मशीनचा चौकोन काढलेला असतो, शेजारी एक नळ दाखवलेला असतो, आणि धुण्याचा प्रश्न तिथे मिटला असे सगळेच धरून चालतात. कपडे वाळणार कुठे, हे मात्र नकाशात कुठेच काढलेले नसते. मशीन तासा-दीड तासात आपले काम संपवते. वाळायला एप्रिलमध्ये एक दुपार पुरते आणि जुलैमध्ये दोन दिवसही कमी पडतात. ज्या कामाला सर्वांत जास्त वेळ, जागा आणि हवा लागते, त्याचीच जागा कोणी ठरवत नाही. मग ओल्या चादरी दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर आणि बेडरूमच्या पंख्याखाली येऊन पडतात. धुण्याची जागा आखताना सुरुवात दांड्यांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. दांड्या ठरल्या की मशीन, नळ, बटणे आणि लाद्या यांच्या जागा बऱ्याच अंशी आपोआप ठरत जातात.

धुण्याचाच व्यवसाय करणाऱ्यांना हे केव्हापासून माहीत आहे. मुंबईच्या महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून १८९०च्या सुमाराचा धोबीघाट पाहिला, तर खालच्या हौदांआधी नजरेत भरतात त्या वरच्या दोऱ्या. छपरांवर, बोळांवर, जिथे म्हणून ऊन पोहोचते तिथे दोरी ताणलेली आहे. जुन्या वाड्यांत आडाजवळ धुण्याचा दगड असे आणि चार पावलांवर उन्हातली दोरी. चाळीत मोरी खोलीच्या कोपऱ्यात आली, तरी वाळत घालायला गॅलरी होती. फ्लॅटमध्ये धुण्याला यंत्र मिळाले आणि वाळवणे खिडकीच्या ग्रिलवर जाऊन लटकले. घर घेताना एवढे जरूर पाहावे: २०१६च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत फ्लॅटची स्वतःची बाल्कनी धरलेली नाही. त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यावरून ड्राय बाल्कनी किती मोठी हे कळत नाही. तिची लांबी-रुंदी स्वतंत्र विचारावी आणि शक्य असेल तर टेप लावून मोजावी. साडेतीन फूट रुंदी आणि साडेचार फूट रुंदी यांत कागदावर फार फरक वाटत नाही, पण मशीन ठेवल्यावर माणसाला वळायला जागा उरते की नाही ते त्या एका फुटावर ठरते.

वाळण्याचा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहावा, म्हणजे पावसाळ्यात घरात काय घडते ते लक्षात येते. पाच किलो सुके सुती कपडे धुऊन मशीनने मिनिटाला १००० फेऱ्यांवर पिळले, तर त्यांच्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी त्यांत उरते. म्हणजे तीन लिटर. हे तीन लिटर वाफ होऊन कुठेतरी जायला हवे. दहा बाय बारा फुटांच्या, नऊ फूट उंच खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा असते. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ राहू शकते, आणि पावसाळ्यात ती हवा आधीच ८० टक्के भरलेली असते. उरली घनमीटरमागे पाच-साडेपाच ग्रॅमची जागा. सगळ्या खोलीची मिळून जेमतेम १६० ग्रॅम! दारे-खिडक्या लावून आत वाळत घातलेले कपडे म्हणूनच वाळत नाहीत. आणि जी थोडी वाफ सुटते ती भिंतींच्या गार कोपऱ्यांत, कपाटांच्या पाठीमागे, चामड्याच्या पट्ट्यांवर आणि चपलांवर बुरशीला निमंत्रण देते.

कपड्यांच्या कुबट वासाचे मूळही इथेच आहे. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचे जिवाणू ओल्या कापडात अंगाच्या घामा-तेलाच्या उरलेल्या अंशांवर वाढतात आणि तो ओळखीचा वास सोडतात. जपानी संशोधकांनी २०१२मध्ये हा संबंध दाखवून दिला. जास्त पावडर टाकून किंवा सुगंधी द्रव ओतून हा वास फार तर झाकला जातो. कपडा लवकर वाळला तर जिवाणूंना वाढायला अवधीच मिळत नाही, आणि खरा उपाय तोच आहे.

लवकर वाळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे पाणी पिळूनच काढणे. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर कपड्यात सुमारे ७० टक्के पाणी राहते, १२०० फेऱ्यांवर ५३-५४ टक्के. पाच किलोच्या धुण्यात हा फरक जवळपास पाऊण लिटरचा होतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट इतकी ऊर्जा लागते. ती ऊन देवो, पंखा देवो की ड्रायर. तेच पाणी पिळून काढायला मशीनला त्याच्या मानाने नगण्य वीज लागते. मशीन निवडताना किलोंच्या आकड्याकडे सगळे पाहतात; पावसाळी प्रदेशात राहणाऱ्याने फेऱ्यांच्या आकड्याकडे आधी पाहावे. दुसरा मार्ग म्हणजे ओली हवा सतत बाहेर काढणे. लहान एक्झॉस्ट फॅन तासाला दोनशेएक घनमीटर हवा बाहेर टाकतो. प्रत्येक घनमीटरने दोन ग्रॅम वाफ जरी सोबत नेली, तरी तासाला ४०० ग्रॅम झाली. रात्रभरात तीन लिटरचा निकाल लागतो. मात्र फॅनच्या समोरच्या बाजूने, खालून, हवा आत यायला फट हवी. चारी बाजू बंद केलेल्या बाल्कनीत फॅन नुसताच फिरतो.

ड्राय बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करून घेण्याची पद्धत आता सर्रास आहे. सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो, म्हणजे हवेचा रस्ता आपण होऊन निम्मा केला. त्यापेक्षा तिरप्या पट्ट्यांची लूव्हर खिडकी बरी: झड अडते, हवा येत राहते, कबुतरांसाठी आतून जाळी बसवता येते. बाल्कनीत गॅस गिझर किंवा पाइप गॅसची जोडणी असेल, तर बाल्कनी बंद करण्याचा विचारच करू नये. गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो बंद जागेत जीव घेतो.

दिशेचे म्हणाल तर, मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून ४७-४८ अंशांवर असतो. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेच्या बाल्कनीत म्हणून थंडीत ऊन चांगले आत येते. पश्चिमेची बाल्कनी मार्च ते मे या महिन्यांत दुपारी कपडे कडकडीत वाळवते, पण मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे जूनपासून झडही तिलाच लागते. जुलै महिन्यात मुंबईत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या महिन्यात पूर्वेची, वाऱ्याच्या आडोशाची बाजू उपयोगी पडते. घराला दोन बाल्कन्या असतील तर दोन्हींत दांड्यांची सोय करून ठेवावी, म्हणजे ऋतूप्रमाणे जागा बदलता येते.

आता दांड्या. दोरी आणि पुलीने वर-खाली होणाऱ्या दांड्या आपल्याकडे सोयीच्या ठरल्या आहेत, कारण छताजवळची हवा गरम असते आणि खालची जागा मोकळी राहते. पण विक्रेते सहा दांड्या चार-चार इंचांवर बसवून देतात आणि तिथेच सगळे बिघडते. दोन दांड्यांमध्ये निदान आठ-नऊ इंच हवेत, नाहीतर ओले कपडे एकमेकांना चिकटून एकमेकांची ओल धरून ठेवतात. सहा कोंबण्याऐवजी पाच बसवा, चारही चालतील. लांबी ठरवताना घरातले सर्वांत मोठे कापड डोळ्यांपुढे आणावे. साडेपाच मीटरची साडी एकदा दुमडून दांडीवरून सोडली की दोन्ही बाजूंना जवळपास एक मीटर चाळीस सेंटिमीटर खाली येते आणि दांडीची सव्वा मीटर लांबी अडवते. नऊवारी तर आठ मीटरहून लांब. डबल बेडच्या चादरीची रुंदी सव्वादोन मीटरच्या पुढे जाते. सहा-सात फुटांची दांडी घेतली तर साडीच्या शेजारी दोन सदरे तरी बसतात. दांड्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. रंग दिलेल्या लोखंडी नळीचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो आणि पांढऱ्या कपड्यावर तांबेरा उमटतो. अडकवण्याचे हूक थेट स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसवावेत. पीओपीच्या छताला ओल्या चादरींचे वजन पेलत नाही. दोरी बांधायची खुंटी घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर लावावी.

दांड्यांची पट्टी ठरली की उरलेल्या टोकाला मशीन येते. फ्रंट लोड मशीनला ६० सेंटिमीटर रुंदी आणि ८५ सेंटिमीटर उंची लागते. खोली मॉडेलप्रमाणे ४० ते ६५ सेंटिमीटर. मागे पाइपांसाठी आठ-दहा सेंटिमीटर सोडावे लागतात आणि पुढे दार पूर्ण उघडून माणसाला बसता येईल इतकी जागा. पुढच्या अंगाला, तळाशी, गाळणी असते. तिच्यातून नाणी, टाचण्या, धागे अधूनमधून काढावे लागतात, त्यामुळे तिच्यासमोर काहीही कायमचे बांधू नये. टॉप लोडचे झाकण वर उघडते. तिच्यावर कपाट करायचे असेल तर झाकण उघडल्यावरची उंची मोजूनच करावे, ती सव्वा ते दीड मीटरपर्यंत जाते. सेमी ऑटोमॅटिकला पाऊण मीटरहून थोडी जास्त रुंदी लागते, पण पाण्याचा दाब नसलेल्या आणि ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरांत तिच्यासारखी सोयीची मशीन दुसरी नाही.

फ्रंट लोड मशीन कशावर उभी आहे याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सुमारे २४ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १२०० वेळा फिरतो तेव्हा त्याच्या कडेवरच्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३८५ पट ओढ बसते. अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला, तर तो जवळपास १९० किलोंच्या वजनासारखा ड्रमला बाहेर ओढतो. मशीन आधी कपडे पसरवून तोल साधण्याचा प्रयत्न करते, स्प्रिंगा आणि दट्ट्ये बराचसा मार खातात, उरलेला पायांतून जमिनीत उतरतो. म्हणून चाकांचे स्टँड किंवा प्लायवुडची फळी यांवर ती कधीच ठेवू नये. बाल्कनीच्या जमिनीला उतार असतो आणि मशीनला सपाटी हवी असते. या दोन्हींचा मेळ घालायला दहा सेंटिमीटर उंचीचा, वरून पाणसळीने तपासलेला पक्का कट्टा बांधून घ्यावा. घरात गुडघे दुखणारे कोणी असेल तर कट्टा ३० सेंटिमीटरपर्यंत उंच करावा, वाकण्याचा त्रास खूपच कमी होतो. बाहेर झुकलेल्या जुन्या बाल्कनीत स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या, पोपडे पडलेले दिसत असतील, तर मशीन आणि पाण्याचे पिंप तिथे ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

पाण्याच्या जोडणीत दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली दाब. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ एक बार दाब देतो. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर नळ आणि टाकी यांत तीनच मीटरचे अंतर असेल, तर दाब ०.३ बार. अनेक मशिनांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, म्हणजे वरच्या मजल्यावर मशीन अडखळणार हे आधीच धरून पंपासाठी जागा आणि बटण ठेवावे. दुसरी गोष्ट सांडपाणी. फ्रंट लोड मशीन पंपाने पाणी बाहेर टाकते, आणि तिच्या नळीचे टोक जमिनीपासून ६० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर असावे लागते. ती नळी तशीच जमिनीवरच्या जाळीत सोडली, तर भरलेले पाणी आपोआप वाहून जात राहते आणि मशीन भरतच बसते. उलट सेमी ऑटोमॅटिकचे पाणी उताराने जाते, तिची नळी जमिनीलगतच हवी. प्लंबरला बोलावण्याआधी मशीनचा प्रकार ठरलेला असणे म्हणूनच आवश्यक आहे. बऱ्याच घरांत याच जागेत भांडीही घासली जातात. खरकटे, तेल आणि कपड्यांचे धागे एकाच नहाणी ट्रॅपमध्ये गेले की त्यांची गुठळी होते, म्हणून ट्रॅपला हाताने काढता येणारी जाळी हवी. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी कायम राहते आणि तेच गटाराची दुर्गंधी व झुरळे अडवते. मशीनचा नळ तिच्या पाठीमागे लपवू नये. बाजूला, हात पोहोचेल असा ठेवावा. गावाला जाताना तो बंद करता आला पाहिजे.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावरच्या सोसायट्यांत जडपणा तपासून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा आहे. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी अनेक ठिकाणी ती ओलांडते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका कपड्यात बसतो आणि मशीनच्या हीटरवर पांढरा थर चढतो.

विजेबाबत थोडक्यात पण काटेकोर राहावे. गरम पाण्याने धुणाऱ्या मशीनचा हीटर २००० वॉटच्या आसपास असतो. २३० व्होल्टवर तो सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो. सहा अँपिअरचे साधे सॉकेट इथे चालणार नाही. १६ अँपिअरचे, स्वतंत्र वायरीचे, चांगल्या अर्थिंगचे आणि झाकणाचे सॉकेट शिंतोड्यांपासून दूर, कमरेच्या वर बसवावे. घराच्या वीज पेटीत विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असलेच पाहिजे. ओले हात, ओली जमीन आणि वीज एकत्र येणारी ही जागा आहे.

मशीन कितीही चांगली असली तरी कॉलर, शाळेच्या गणवेशाचे गुडघे, रंग जाणाऱ्या साड्या आणि पायपुसणी हातानेच घासावी लागतात. त्यासाठी जमिनीवर उकिडवे बसून धुण्याची जागा ठेवणे मला पटत नाही. हे काम बहुतेक घरांत आई, सून किंवा कामाला येणाऱ्या मावशी करतात, आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसण्याची किंमत त्यांचे गुडघे आणि कंबर मोजतात. ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचा, पुढे किंचित उतार दिलेला ग्रॅनाइटचा ओटा आणि शेजारी फूटभर खोल सिंक एवढी व्यवस्था उभ्याने धुण्यास पुरते. तो कितीवर असावा हे धुणाऱ्या व्यक्तीला उभे करून, कोपराच्या उंचीवरून ठरवावे. कंत्राटदाराच्या ठरलेल्या मापावर सोडू नये.

मळक्या कपड्यांसाठी हवा खेळणारी टोपली, पावडर आणि निळीसाठी हाताला येणारा एक कप्पा, घड्या घालायला भिंतीला दुमडणारी फळी. याहून जास्त फर्निचर इथे नको. कपाट करायचेच असेल तर कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या उभ्या-आडव्या फळ्यांचे करावे. प्लायवुड वापरायचे झाले तर आयएस ७१० मानकाचेच घ्यावे. एमडीएफ एका पावसाळ्यात फुगते.

लाद्यांच्या बाबतीत चमक हा सर्वांत वाईट निकष आहे. साबणाच्या पाण्याने गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी घसरगुंडी होते, म्हणून खडबडीत, मॅट पृष्ठभागाची, एक फूट बाय एक फूट मापाची लादी घ्यावी. लहान लादीला उतार नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते. उतार ट्रॅपकडे, दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर. मशीनचा कट्टा उताराच्या वरच्या टोकाला आणि ट्रॅप खालच्या टोकाला असावा. उलटे झाले तर मशीन कायम ओल्यात उभी राहते. स्वयंपाकघरापेक्षा इथली जमीन तीन-चार सेंटिमीटर खाली हवी, आणि मध्ये दगडी उंबरा. शहाबाद, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही दगड मला या जागेसाठी मनापासून आवडतात, विशेषतः तासलेला शहाबाद. पाय घसरत नाही आणि वर्षे गेली तरी तो टिकतो. पण हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. बाथरूम धुण्याचे ॲसिड त्यांच्यावर पडले की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. घरात ॲसिड वापरण्याची सवय सुटणार नसेल, तर ग्रॅनाइट किंवा मॅट लादीच घ्यावी. सांध्यांत सिमेंटचे ग्राऊट स्वस्त असते, पण साबण आणि शेवाळ धरते. एवढ्या छोट्या जागेला एपॉक्सी ग्राऊटचा वाढीव खर्च फार होत नाही. भिंतींना डॅडो निदान चार फूट, आणि ओटा-सिंकच्या मागे सात फुटांपर्यंत. छताला आणि वरच्या भिंतींना डिस्टेंपर लावू नये, त्याचे पोपडे धुतलेल्या कपड्यांवर पडतात. बाहेरच्या भिंतींसाठीचा बुरशीरोधक रंग लावावा. साधा चुनाही चालतो, कारण त्याच्या क्षारपणात बुरशीला जम बसवणे अवघड जाते.

आणि या सगळ्याच्या खाली वॉटरप्रूफिंग. लाद्या पाणी अडवतात हा समज चुकीचा आहे. पाणी सांध्यांतून खाली जाते आणि अडवायचे ते खालच्या थराने. ब्रिकबॅट कोबा असो की रासायनिक लेप, तो भिंतींवर निदान फूटभर वर चढवलेला असावा आणि पाइप जिथे स्लॅबमधून जातात तिथे कोपरे गोल करून भरलेले असावेत, कारण गळती जवळजवळ नेहमी तिथूनच सुरू होते. लेप वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरावे आणि निदान ४८ तास तसेच ठेवावे. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करावी, आणि खालच्या शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांचे छत दोन्ही दिवस पाहून यावे. थोडे पाणी वाफेने कमी होतेच. पण खाली ओलसर डाग दिसला, तर लादीवाल्याला आठवडाभर थांबायला सांगावे आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला परत बोलवावे.